‘पटलं’ कोण म्हणालं

१

दुपारची भांडी पालथी घालून झाली, की मास्तर हात पुसत पुढच्या खोलीत येत आणि आधी टेबलाकडे बघत. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलेलं असलं, म्हणजे कोड्याची वेळ झाली. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला कोणी विचारत नसे.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळा लहानपणीच सुटली, हातात सुई आली ती आलीच. त्यांची बायको मात्र खरीखुरी शिक्षिका, जन्मभर भाषा शिकवलेली. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, पोरं तिला बाई म्हणत. मग घरातही तीच नावं पडली. “आमच्याकडे शिकवणारे दोन आणि ऐकणारं कोणीच नाही,” असं त्यांची लेक लग्न होऊन जाईपर्यंत सांगत असे.

पुढची खोली म्हणजे पूर्वीचं दुकान. शिवणयंत्र आता झाकणाखाली गप्प बसलेलं. कापड बेतायचं मोठं टेबल तेवढं कामात राहिलं, त्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. आणि कोपऱ्यात तो पडदा. गिऱ्हाइकाने कपडा अंगावर चढवून बघावा म्हणून दांडीवर लावलेला, मागे उभा आरसा आणि खुंट्या. दुकान बंद केलं तेव्हा पडदा काढायचा राहून गेला. आत माणूस काय करतंय हे मास्तरांना बाहेरून कळायचं. बाहीत हात घालताना कोपर पडद्याला लागतं, पडदा तेवढ्यापुरता फुगतो आणि परत सरळ होतो. मग ते हाक देत, “काय, बसलं का अंगाला?”

वर्तमानपत्रात दोन कोडी येत. एक सरळ: अर्थ दिलेला, शब्द लिहायचा. ते बाई पोळपाट धुता धुता सोडवायची. दुसरं वाकडं. वाकड्यात सूचना सांगते एक आणि मागते भलतंच. लग्नानंतर बाईने मास्तरांना घातलेली पहिली वाकडी सूचना त्यांना अजून पाठ होती: “मृत्यूला मानाने हाक मारा, आई रोज हेच करते. तीन अक्षरं.” मास्तर दोन दिवस तोंड पाडून फिरले होते. शेवटी बाईलाच दया आली. “मृत्यू म्हणजे काळ. मानाने हाक मारली की काळ-जी. काळजी!” मास्तरांनी कपाळावर हात मारला. “अगं, हे तर उसवणं झालं. शिवण कुठे आहे तेवढी दिसली, की एक टाका ओढायचा.”

“मग उद्यापासून ओढा,” बाई म्हणाली.

तेव्हापासून घराचा एक नियम झाला. नुसतं उत्तर चालायचं नाही. ज्याला सुटेल त्याने ते उसवून दाखवायचं, कुठला तुकडा कुठे जोडलाय ते सांगायचं. दुसऱ्याने “पटलं” म्हटलं, तरच पेन कागदाला टेकवायचं. आणि उकल एकदा सुरू केली की अर्धी सोडायची नाही. मास्तर “पटलं” म्हणायच्या आधी दर वेळी जरासे खाकरत. बाई चिडवायची, “कोर्टाचा निकाल देताय का?”

मागच्या वर्षापासून बाईच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग शेजाऱ्यांची तोंडं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, “हे थांबत नाही, आजोबा. पण सावकाश करता येतं. कोडी सोडवतात ना? सोडू देऊ नका. जेवढं वापरतील तेवढं टिकेल.”

मास्तरांनी ते गाठीला बांधलं. आणि खरंच, वाकड्या कोड्यात बाई अजून वाघीण होती. भाजीत मीठ दोनदा घालायची, पण सूचना ऐकली की डोळे लखलखायचे.

मास्तरांची स्वतःची एकच मागणी होती, ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. सकाळी जाग आली तरी ते डोळे मिटून पडून राहत. शेजारी हालचाल होई. मग ती म्हणे, “मास्तर, उठलात का?” तेवढं ऐकलं की ते उठत. बाकी जायचं ते जाऊ दे. ही हाक राहू दे.

२

त्या दिवशी आडवा नऊ अडला होता. आता सूचना मास्तर वाचत, कारण बाईची नजर ओळीवरून घसरायची.

“काम गरजेचं; त्याच्या पोटात पाण्यातली दबा धरून बसलीये. तीन अक्षरं.”

बाईने डोळे मिटले. बोटाने टेबलावर अक्षरं ठोकली. “पोटात म्हणजे आतच लपवलंय, मास्तर. ‘काम’मधला म घ्या. ‘गरजेचं’मधलं ग आणि र घ्या. सलग वाचा. मगर! पाण्यात दबा धरून.”

“पटलं.”

बाईने समाधानाने मान हलवली. मास्तरांनी पेन टेकवलं, म लिहिला, ग लिहिला आणि थांबले.

ते खाकरले नव्हते.

त्यांनी आठवून बघितलं. घसा अजून तसाच भरलेला होता. ते खाकरायलाच निघाले होते, तोंड उघडायच्या बेतात होते, तेवढ्यात शब्द आला. आवाज कोरडा होता, कापडावर कापड घासावं तसा.

“तू म्हणालीस का?”

“काय?”

“पटलं.”

“मीच सांगायचं आणि मीच पटलं म्हणायचं? चांगलंय. तुम्हीच म्हणालात की.”

असेल, मास्तरांनी मनाशी म्हटलं. माणूस म्हातारा झाला की तोंड डोक्याच्या पुढे धावतं. त्यांनी र लिहून टाकला.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी टीव्हीवर नदीचा कार्यक्रम लागला होता. काठावर एक मोठी मगर जबडा वासून ऊन खात पडली होती. बाई पुढे सरकून बघायला लागली. “हे काय हो? लाकूड का?”

“मगर, अगं.”

“असं असतं होय!” ती म्हणाली. लहान मुलाने पहिल्यांदा बघावं तशी तिची नजर होती. “काय म्हणालात? परत सांगा.”

मास्तरांनी परत सांगितलं. तिने तो शब्द तोंडात घोळवून बघितला आणि सोडून दिला.

आजार आहे, मास्तरांनी स्वतःला समजावलं. काहीतरी गळायचंच. त्यात मगर गळली तर काय मोठंसं? आपल्या घरात काय मगरी फिरतात?

३

थंडी पडली. ऊन टेबलाच्या कडेला उशिरा येऊ लागलं आणि लवकर निघून जाऊ लागलं.

“चहाचा भाव विचारला, तर अंगावर पांघरायला दिलं,” मास्तरांनी वाचलं. “तीन.”

बाई हसली. “हा कोडं करणारा थंडीने कुडकुडत असणार. बघा, घरातला चहा म्हणजे चा. भाव म्हणजे दर. चा आणि दर. चादर.”

मास्तर या वेळी सावध होते. त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले आणि कान उघडे ठेवले. रस्त्यावर एक सायकल गेली. शेजारी कोणीतरी नळ बंद केला.

“पटलं.”

आवाज पडद्याच्या बाजूने आला. पहिल्यापेक्षा भरलेला होता, थोडा उबदारही. मास्तरांनी मान वळवली. पडदा सरळ उभा होता. बघता बघता त्याच्या मध्यावर, माणसाच्या कमरेच्या जरा वर, एक टोक उठलं. कोणी आत बाहीत हात घालतंय आणि कोपर लागतंय, तसं. मग पडदा परत सरळ झाला.

ते उठले, गेले, पडदा बाजूला केला. आरशात ते स्वतःच उभे होते, केस पिंजारलेले. खुंटीवर जुनी छत्री. खाली भिंतीत भेग होती. तिच्यातून वारा येत असणार. वाऱ्याने पडदा फुगतोच. पण तो खालून फुगतो, मधून नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

“काय शोधताय?” बाईने विचारलं.

“काही नाही. छत्री आहे का बघितलं.”

“ऊन पडलंय, मास्तर.”

संध्याकाळी बाई जरा आडवी झाली. मास्तर दिवा लावायला गेले तर ती पलंगावर अंग आखडून पडलेली, दात वाजत होते. चादर पायाशी घडी घातलेली होती.

“अगं, चादर तरी ओढायचीस.”

“काय ओढू?”

त्यांनी ती उलगडून तिच्या अंगावर घातली. बाईने हाताने चाचपली, तिची किनार बघितली, आणि दुसऱ्याची वस्तू परत करावी तशी नीट उचलून त्यांच्या हातात दिली. “ही तुमची आहे वाटतं,” ती म्हणाली. आणि पुन्हा कुडकुडायला लागली.

नुसता शब्द गेला असता तर तिने बोटाने दाखवलं असतं. इथे वस्तूच गेली होती. चादर असते, ती थंडीवर घ्यायची असते, हेच तिच्यातून कोणीतरी काढून नेलं होतं. मास्तर ती हाताने तिच्या खांद्यावर धरून बसून राहिले.

४

लेक दर रविवारी यायची. मोठ्या आवाजाची, हसरी. जिन्यावरूनच हाका मारत चढायची.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी कोड्यात उभा दोन असा होता: “गेले कधी? आत डोकावून बघा, पोटची आहे.” दोन अक्षरं. बाईने क्षणात सांगितलं होतं, “‘गेले’मधला ले, ‘कधी’मधला क. लेक.” आणि मास्तर खाकरायच्या आत पडद्याकडून “पटलं” आलं होतं. त्या आवाजाला आता एक हेल होता. “पट”वर जरा रेंगाळायचं आणि “लं” खाली सोडायचं. वर्गात पोरांचं उत्तर बरोबर आलं की बाई असंच म्हणायची.

“आई! बघ काय आणलंय,” लेक पिशवी टेबलावर ठेवत म्हणाली.

बाई खुर्चीतून अर्धवट उठली. पदर नीट केला. चेहऱ्यावर परक्या माणसासाठी ठेवलेलं हसू होतं.

“या, बसा ना. मास्तर आहेत घरात. माप द्यायचंय का?”

लेक हसली. तिला वाटलं, आई थट्टा करतेय. “हो, द्यायचंय. चांगली जाड झालेय मी.”

“मग बसा. कोणाकडच्या तुम्ही?”

लेकीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, आणि मागून डोळे भरून आले. ती पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेली. मास्तर गेले तेव्हा ती नळ सोडून फळं धूत होती, धुतलेलीच परत धूत होती.

“मागच्या रविवारी माझी वेणी घालायला बसली होती, बाबा. या वयात. मागच्या रविवारी!”

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. कोडं, आवाज, कोपर, मगर, चादर. त्यांना बोलायला वेळ लागला, आणि सांगता सांगता आपलंच बोलणं त्यांना खुळ्यासारखं वाटायला लागलं.

लेकीने ऐकून घेतलं. हात पुसले, पुढच्या खोलीत जाऊन पडदा सर्रकन ओढला. आरसा, खुंट्या, छत्री. “बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “कोणी नाही इथे. तुम्ही किती दिवस धड झोपला नाहीत?”

“झोपतो की.”

“तिचं सगळं तुम्ही एकटे करताय. माणूस शिणला की कान वाजतात.” मग तिने बापाची कॉलर सरळ केली, लहानपणी तो तिची करायचा तशी. “माझ्यापुरतं सोडा. तुम्हाला ओळखते ना ती?”

“ओळखते.”

“मग झालं,” लेक म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

५

मास्तर शिकलेले नव्हते, पण कपडा कुठे ओढतोय हे शोधायला एक टाका उसवून बघावा लागतो, हे त्यांना माहीत होतं.

मधल्या दिवसांत बाईने ढीगभर शब्द उकलले होते. ज्यांना मास्तरांनी “पटलं” म्हटलं ते सगळे तिच्यापाशी जागेवर होते. त्यांनी एकेक विचारून बघितलं. ज्यांना पडद्यामागून “पटलं” आलं, तेवढेच गेले.

मग आपणच आधी म्हणावं, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाईने उकलीला तोंड घातलं न घातलं तोच ते म्हणाले, “पटलं, पटलं!”

“काय पटलं? अजून मी सांगितलंय कुठे!” बाईने डोळे वटारले. “असली घाई वर्गात चालत नाही.” आणि तिने उकल पुन्हा पहिल्यापासून सांगितली. ती संपली त्या क्षणी पडद्यामागून शब्द आला, अगदी निवांत. “नाही पटलं” म्हणूनही त्यांनी बघितलं. बाई नाराज झाली एवढंच. त्या दिवशी तिच्यातून दाराची कडी गेली, आणि ती दारापुढे उभी राहून ते कसं उघडतं याची वाट बघत राहिली.

एकच गोष्ट करून बघायची राहिली होती. उकल आपण सांगायची.

“पहिल्या अक्षराला थर लावा, आतल्या बाजूने,” त्यांनी वाचलं. “हे मी सांगतो.”

“सांगा, सांगा.” बाईने कौतुकाने गालावर हात ठेवला.

“पहिलं अक्षर अ. थर म्हणजे...” ते उसवत गेले. बाईने तोंड उघडलं होतं, पण पडद्याकडचा आवाज तिच्या आधी आला. मास्तरांनी शब्द लिहिला. मग थोडा वेळ वाट बघत बसले. हात हलवून बघितले. काही दुखलं नाही, खुपलं नाही. काय गेलं असेल, हेही आठवेना. म्हणजे काही गेलंच नाही, असं म्हणून त्यांना बरंसं वाटलं.

रविवारी लेक नवऱ्याचा कोट घेऊन आली. “बाबा, शिवणयंत्र उघडाल का जरा? अस्तर फाटलंय.”

“काय फाटलंय?”

“अस्तर.”

मास्तरांनी कोट घेतला, उलटा केला. आत आणखी एक गुळगुळीत कापड होतं आणि ते खांद्यापाशी सुटलं होतं. एका कोटाच्या आत दुसरं कापड कशाला, हे त्यांना कळेना. कोणी चुकून लावलं असेल. “हे काढून टाकू ना सगळं?”

“काढून? बाबा, जन्म गेला तुमचा अस्तरं लावण्यात!” लेक हसली. मग तिने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि हसायची थांबली.

ती गेल्यावर मास्तरांनी रद्दीतून तो कागद काढला. चौकटीत त्यांच्याच वाकड्या अक्षरात तीन घरं भरलेली होती. अस्तर. त्यांनी ते तीन-चारदा वाचलं. परक्या मुलखातल्या गावाची पाटी वाचावी, तसं ते होतं.

ते कदाचित म्हातारपणही असेल. दोघांना एकाच वेळी लागलेलं. असतं असं कुठे कुठे. पण मास्तरांना आता हिशेब लागला होता: उकल ज्याची, त्याच्यातून जातं.

६

त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं. पडदा एका बाजूला गोळा केला आणि माप घ्यायच्या टेपने खुंटीला करकचून बांधला. आरसा उघडा पडला. त्यात टेबल दिसायचं, दोन्ही खुर्च्या दिसायच्या, खिडकीचा तुकडा दिसायचा. दिसलेलं बरं, मास्तरांना वाटलं.

ऊन कडेला आलं की बाई टेबलाशी येऊन बसायची, हात पुढे पसरायची आणि वाट बघायची. मास्तर तिच्यापुढे बटणांचा डबा ठेवत. ती बटणं रंगाने लावायची, परत मिसळायची. “आज काही नाही का?” ती विचारायची.

“आज सुट्टी.”

“किती सुट्ट्या देता पोरांना!”

तिचे डोळे मंदावत चालले. पण काही गेलंही नाही. रोज सकाळी हाक येत होती. मास्तरांना तेवढं पुरत होतं.

लेकीला पुरत नव्हतं. “बंद काय केलंत? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? ती बघा कशी बसलीये, दिवा मालवल्यासारखी!” बापलेकींत कधी नव्हे ते शब्दाला शब्द लागला.  मास्तरांना भांडता यायचं नाही. ते चहा टाकायला आत गेले. लेकीला वाटलं, आपण फार बोललो. तिने पिशवीतून स्वतःच्या घरचं वर्तमानपत्र काढलं, वाकड्या कोड्याचं पान वर करून बाईपुढे ठेवलं, पेन हातात दिलं. “घे. तुझं हे,” असं म्हणून कोपऱ्यावरून दूध आणायला गेली.

चहाला उकळी येत होती. मास्तरांना बाहेरून बाईचा आवाज ऐकू आला. खणखणीत, वर्गातला. कितीतरी दिवसांत असा आला नव्हता.

“पायातली नेहमी दोन, पुढे दरवाजा,” ती स्वतःच वाचत होती. “जन्मभर सोबत करतो. चार अक्षरं.”

मास्तरांच्या हातातली सांडशी खाली पडली.

“सोपं आहे,” बाई म्हणाली. “पायातली दोन, म्हणजे चपलांची जोडी. आता पुढे...”

ते दारात येऊन उभे राहिले. “अगं, थांब. ठेव ते.”

“अर्धी उकल सोडायची नाही, मास्तर,” बाईने पेन उगारून दटावलं. चेहरा उजळलेला होता. ती त्यांच्याकडे बघून हसत होती, त्यांनाच मास्तर म्हणत होती, आणि त्यांनाच उसवत होती.

तिच्या पाठीमागे आरसा होता. पडदा बांधलेला होता तसाच. आरशात टेबल दिसत होतं, बाईची पाठ दिसत होती. मास्तर अजून स्वयंपाकघराच्या दारात होते. तिथून ते आरशात येऊच शकत नव्हते. तरी आरशातल्या त्यांच्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. चेहरा बाईच्या डोक्याआड होता. दिसत होते ते फक्त खांदे, ऐकायला पुढे झुकलेले. घाई नसलेले. डाव्या खांद्यावर सदऱ्याची शिवण जराशी आत घेतली होती. मास्तरांचा डावा खांदा जन्मापासून खाली होता, आणि आपल्या सदऱ्यांना ते ती शिवण स्वतःच घालत.

“...पुढे दरवाजा,” बाई म्हणाली, “म्हणजे...”

तिने श्वास घेतला.

या श्वासानंतर उद्याची सकाळ होती. ते डोळे मिटून पडतील, शेजारी हालचाल होईल, आणि कोणी हाक मारणार नाही. एक घाबरलेली म्हातारी अंथरुणातल्या परक्या माणसाकडे बघत असेल. ती कोणाच्या हातचं जेवेल? तिच्या खांद्यावर कोण चादर धरेल, तिने धरू दिली तर?

मास्तर टेबलापाशी आले. त्यांनी तिच्या पेन धरलेल्या हातावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिचं बोलणं तोडलं, आणि भरभर बोलले.

“म्हणजे दार. जोडी आणि दार. जोडीदार. ही उकल माझी, बाई. मी सांगितली. माझी.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा अंगठा त्यांच्या बोटावरून एकदा फिरला, सुईने घट्टे पडले होते तिथून.

खोलीत कोणीतरी जरासं खाकरलं.

७

चहा उतू गेल्याचा वास येत होता. मास्तरांनी दिवसाढवळ्या डोळे चोळले. दुकानात ऊन चांगलं पडलं होतं, टेबलाच्या मध्यापर्यंत.

समोरच्या खुर्चीत एक वयस्कर बाई बसल्या होत्या. चष्मा लावलेल्या, नीटनेटक्या. शाळेतल्या वगैरे असाव्यात. त्यांचा हात यांच्या हाताखाली होता. मास्तर संकोचले आणि त्यांनी हात काढून घेतला.

“माफ करा हं,” ते म्हणाले. “तुम्ही बऱ्याच वेळच्या बसलात का? माप द्यायचंय?”

 त्या बाईंच्या पुढे वर्तमानपत्राचं पान होतं, चौकटीत चार घरं रिकामी. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मास्तर,” त्या म्हणाल्या.

चांगला आवाज होता. ऐकत राहावा असा. गिऱ्हाइकं अशी हाक मारत नाहीत, एवढं मास्तरांना जाणवलं, पण त्याच्या पुढे काही हाती लागेना.

“बोला ना.”

“मास्तर, मी... तुम्ही मला...”  मग त्यांनी स्वतःला सावरलं, शिकवणाऱ्या माणसासारखं. “बसा. बसा तुम्ही. मी सांगते सगळं. पहिल्यापासून सांगते.”

“सांगा की. घाई नाही.” मास्तर बसणार होते, तेवढ्यात त्यांना कोपऱ्यात हालचाल दिसली. पडदा ओढलेला होता. खाली टेप सुटून पडली होती. आत कोणीतरी कपडा घालून बघत होतं. कोपर पडद्याला लागलं, पडदा फुगला आणि सरळ झाला. मग दुसऱ्या बाजूचं कोपर. दोन्ही बाह्या चढल्या म्हणायच्या.

आतलं गिऱ्हाईक आपण विसरलोच होतो, असं वाटून मास्तरांनी सवयीने हाक दिली. “काय, बसलं का अंगाला?”

आतला माणूस आधी जरासा खाकरला. मग संथपणे, एकेक अक्षर ठेवत म्हणाला, “बसलं.”

माणूस सभ्य वाटत होता आवाजावरून.

पण समोरच्या बाईंनी ते ऐकलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, परत पडद्याकडे. टेबलावरून हात लांबवून त्यांनी मास्तरांचा हात धरला, दोन्ही हातांनी, गच्च.  जिन्यावर कोणीतरी मोठ्या आवाजात हाका मारत चढत होतं.

कोण असतील बिचाऱ्या, असं मास्तरांच्या मनात आलं. कशाला तरी फार भ्यायल्या आहेत.

हात मात्र या वेळी त्यांनी सोडवून घेतला नाही.